सोळा पाकिटं, आठ सुट्या

१४ सप्टेंबर

प्रिय भोंगाबाई,

तू पोचलीस, तुझा ट्रॉम्बोन पोचला आणि नव्या घराच्या नळाला गरम पाणी येत नाही, इतकं तुझ्या आईकडून कळलं. बाकीचं तू स्वतःच्या हाताने लिहावंस. फोनचं म्हणशील तर दुकानात दर दोन मिनिटांनी कुणीतरी खोकत येतं, आणि तुझ्या-माझ्या घड्याळांचं अजिबात पटत नाही. शिवाय औषधकंपन्यांनी दिलेल्या कोऱ्या वह्यांनी माझं एक कपाट भरलंय. हे पत्र तू अपचनाच्या गोळीच्या जाहिरातीखाली वाचते आहेस, तेवढं गोड मानून घे.

आपल्या ऑर्केस्ट्राचा मोसम सुरू झाला. तोच शाळेचा हॉल, त्याच लहान मुलांच्या खुर्च्या, आणि गुडघे हनुवटीला लावून व्हायोलिन वाजवणारे तेच शिक्षक, शिंपी आणि निवृत्त कारकून. संचालक बाईंनी चार कार्यक्रम ठरवलेत: ऑक्टोबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि शेवटचा एप्रिलमध्ये. तुझ्या खुर्चीवर आता एक दंतवैद्य बसतात. माणूस सज्जन आहे. फक्त वाजवण्याआधी रुग्णाच्या तोंडात डोकावल्यासारखे भोंग्यात डोकावून बघतात.

मी त्यांच्या मागे, त्याच उंच स्टुलावर, झांजा मांडीवर घेऊन. पहिल्या कार्यक्रमाच्या सिंफनीत मला एकच काम आहे. शेवटच्या भागात चार मात्रांचं एक अशी एकशे बारा आवर्तनं गप्प बसायचं आणि मग एकदा झांज वाजवायची. तुझी आई म्हणते, एवढ्यासाठी इस्त्रीचा शर्ट कशाला? तिला काय सांगणार!

तिथे एखादा ऑर्केस्ट्रा गाठलास का? नऊ वर्षं माझ्यापुढे बसून वाजवलंयस, आता आळस करू नकोस.

तुझा,
मामा

*

२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझं अपचन मिळालं. पुढच्या वेळी निदान जीवनसत्त्वाच्या गोळीवर लिही.

नळ दुरुस्त झाला. काम चांगलं आहे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मला तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल दिलंय, आणि दिवसभर मी जमिनीखालच्या जुन्या नळांचे नकाशे नव्याने काढते. निम्मे नळ नकाशात आहेत तिथे नाहीत, आणि आहेत ते नकाशात नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या बाई अर्ध्या तासाने एकदा बोलतात, तेही "खिडकी लावू का?" एवढंच.

हो, ऑर्केस्ट्रा गाठला. आपल्यापेक्षा बराच मोठा आहे. दर मंगळवारी तालीम असते. छान चाललंय.

दंतवैद्यांना सांग, त्या खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा लागतो. तुझी झांज कशी झाली ते लगेच कळव.

तुझी,
भोंगाबाई

*

२१ ऑक्टोबर

भोंगाबाई,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐक. मी माती खाल्ली.

शेवटच्या भागात सगळे एकेक करून थांबतात आणि एकटी बासरी उरते, तो तुकडा तुला ठाऊक आहे. हॉलमध्ये साडेतीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. आपली बासरीवाली, शाळेत भूमिती शिकवते ती, इतकं सुंदर वाजवत होती की मला भरून आलं. आणि बरोबर तिच्या डोक्यामागे मी झांज हाणली. खणखणीत. इतकी स्वच्छ झांज मी जन्मात वाजवली नव्हती. बासरीवाली खुर्चीतून वीतभर उडाली. पुढच्या रांगेतलं एक बाळ जे रडायला लागलं ते टाळ्या संपेपर्यंत रडत होतं. पुढे खरी जागा आली तेव्हा मी झांजा छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा होतो. वाजवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संचालक बाई दुकानात आल्या. मला वाटलं, घसा बसला असेल. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला आज काढत नाही. नोव्हेंबरमध्ये ट्रँगल वाजवा. फेब्रुवारीत तुम्हाला काम नाही. एप्रिलमध्ये एकशे अडुसष्ट आवर्तनांनंतर एक झांज आहे, आणि सगळी सिंफनी तिथे येऊन पोचते. ती बरोबर आली तर स्टूल तुमचं. नाही आली तर पुढच्या मोसमाला तिथे दुसरं कुणी बसेल." शांतपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तुला माहीत आहे, माझ्यासारख्या एकट्या माणसाकडे दोनच गोष्टी आहेत, दुकान आणि ते स्टूल. बावीस वर्षं झाली. आठवड्यातून एक संध्याकाळ मी गोळ्या, मलमं आणि लोकांची दुखणी सोडून दुसऱ्या कशात तरी असतो. ते गेलं तर मी त्या संध्याकाळी काय करणार, हे मला सुचत नाही.

असं का झालं म्हणशील, तर चष्मा घसरला.

मामा

*

३ नोव्हेंबर

मामा,

चष्मा घसरला तर माणूस चष्मा सावरतो, झांज वाजवत नाही. खरं काय ते सांग.

तू मोजायला चुकलास हे मला पटतच नाही. चाळीस वर्षांत तुझ्या दुकानातून एक गोळी कमी गेली नाही की एक जास्त. लोक डॉक्टरांनी दिलेला आकडा तुझ्याकडून तपासून घेतात. आणि तू एकशे बारा आवर्तनं चुकलास? तीही दहावीस नाही, चांगली तीसेक? मी बासरीचा तुकडा आठवून हिशोब केला, तेवढा फरक होतो.

म्हणून मला भीती वाटली. राग मानू नकोस, मी आईला सांगितलंय. या वयात कधी कधी डोकं असं दगा द्यायला लागतं आणि ज्याचं त्याला कळत नाही. डोळे दाखव, कान दाखव, आणि डोकंसुद्धा दाखव. लाजू नकोस.

मी बरी आहे. गुरुवारची तालीम असते तेवढ्यापुरती घाई, बाकी निवांत.

तुझी,
भोंगाबाई

*

२८ नोव्हेंबर

अगं बाई,

आईला सांगितलंस ते सांगितलंस, थोडा मीठमसाला कमी घालायचा होतास. ताई सकाळी नऊ वाजता दुकानात हजर झाली. काउंटरच्या आत आली, माझ्या खुर्चीवर बसली आणि गिऱ्हाइकांसमोर मला विचारलं, "आज वार कुठला?" मी म्हटलं, शुक्रवार. तिने कॅलेंडर बघून खात्री केली. मग एका बरणीतल्या सुट्या गोळ्या काचेवर ओतल्या आणि म्हणाली, "मोज." मी मोजल्या. त्रेचाळीस. तिने मोजल्या, एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या, पंचेचाळीस. शेवटी एका गिऱ्हाइकाने मोजल्या तेव्हा त्रेचाळीसच निघाल्या, तर म्हणते, "आज बरा आहेस म्हणून."

डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि पाच वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या. पाचही सांगितल्या, वर त्यांच्या टेबलावरच्या औषधाची मुदत संपल्याचं दाखवून दिलं. डोळे ठीक, कान ठीक, डोकं वयाच्या मानाने तल्लख. ते कागद या पत्रासोबत पाठवतोय, फ्रेम करून लाव.

पण ताईचं समाधान नाही. म्हणते, "सगळं ठीक आहे तर चुकलास कसा?" माझ्याकडे उत्तर नाही असं तिला वाटतं. आता तिने ठरवलंय की जानेवारीपासून ती रोज माझ्या शेजारी काउंटरवर बसणार आणि मी मोजलेलं प्रत्येक पाकीट पुन्हा मोजणार. तू तिला ओळखतेस. ती त्रेचाळीसच्या एक्केचाळीस करून लोकांना देणार.

ट्रँगल एक आवर्तन उशिरा वाजला. फारसं कुणाला कळलं नाही. बाईंना कळलं.

मामा

*

८ डिसेंबर

मामा,

कागद वाचले. इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "तुमच्या मामांनी घड्याळ फार छान काढलंय." तीन महिन्यांतलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य.

आईला मी आवरते. पण मामा, आता माझंही समाधान नाही. डोकं ठीक, कान ठीक, डोळे ठीक, आणि ट्रँगलही चुकला. तू मला लहानपणापासून ओळखतोस, मी सोडणार नाही. एप्रिल यायला चार महिने आहेत. काय झालंय ते कळलं तरच काही करता येईल. तुझं स्टूल जायला नको, एवढंच मला वाटतं.

काहीही असलं तरी सांग.

भोंगाबाई

*

१९ डिसेंबर

प्रिय भोंगाबाई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली. आईला दाखवायचं की नाही ते वाचून ठरव.

मी चुकलो नाही. चुकायला आधी मोजावं लागतं. मी बावीस वर्षांत एकदाही मोजलेलं नाही.

आता पुढचं ऐक. मी ऑर्केस्ट्रात आलो तेव्हा मला स्वरलिपी जेमतेम अक्षरओळखीइतकी येत होती, आजही तेवढीच येते. पहिल्याच तालमीत माझा आकडा चाळिशीत कुठेतरी सांडला. सूर कानावर पडले की माझं लक्ष सुरांत जातं, आकड्यांवर राहत नाही. गोळ्या गप्प असतात, म्हणून त्या मोजता येतात. पण माझ्या पुढे तेव्हा टपाल कार्यालयातले टकलू काका ट्रॉम्बोन घेऊन बसायचे. माझ्या ध्यानात आलं, की जिथे माझी झांज असते तिथे बहुतेक ट्रॉम्बोनही असतात, आणि तेही तोवर माझ्यासारखेच गप्प असतात. काकांनी ट्रॉम्बोन उचलला की मी झांजा उचलायचो. त्यांचे खांदे वर गेले की मी हात उघडायचो. ते फुंकायचे, मी वाजवायचो. तेरा वर्षं असं चाललं. ते गेले आणि त्यांच्या खुर्चीवर तू आलीस. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, कारण तुझे खांदे त्यांच्यापेक्षा स्पष्ट दिसायचे.

लोक म्हणायचे, औषधवाला आहे, मोजण्यात हात कोण धरणार? मी हसून घ्यायचो. एकदा हसलो, आणि मग बावीस वर्षं हसावं लागलं.

दंतवैद्यांचं असं आहे, की ते घाबरट आहेत. तीस-तीस आवर्तनं आधीच ट्रॉम्बोन उचलून तोंडाशी नेतात, खाली ठेवतात, पुन्हा उचलतात. तालमीत आपण तुकडे पाडून वाजवतो, म्हणून निभावलं. कार्यक्रमाच्या दिवशी बासरी चालू असताना त्यांनी ट्रॉम्बोन उचलला, मोठा श्वास घेतला, आणि मी वाजवून मोकळा झालो. त्यांनी श्वास सोडून दिला. मला झांज परत घेता आली नाही.

हे तुला का सांगत नव्हतो? लाज वाटत होती, हे आहेच. पण दुसरंही आहे. तुला ती नोकरी लागली तेव्हा मी सगळ्या गल्लीला पेढे वाटावेत तसं सांगत सुटलो होतो. तो अभिमान खरा होता. आणि तू गेल्यापासून त्या हॉलमध्ये मी आंधळ्यासारखा बसतो, हेही खरं आहे. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, एप्रिलला येते, तुझ्यापुढे बसते. मग पुढच्या ऑक्टोबरलाही आली असतीस. मला ते नको होतं.

आता तुझ्याबद्दल. तालीम आधी मंगळवारी होती, मग गुरुवारी झाली. मुदत बघणाऱ्या माणसापासून असल्या गोष्टी लपत नाहीत. मी माझं सांगितलं. तू तुझं सांग.

मामा

*

२ जानेवारी

मामा,

तुझं पत्र मी कार्यालयाच्या जिन्यात बसून वाचलं. आधी इतकी हसले की वरून कुणीतरी डोकावलं. मग रडले, तेव्हाही तेच डोकावलं.

तालीम मंगळवारी नाही आणि गुरुवारीही नाही. बुधवारी असते. मला माहीत आहे, कारण सप्टेंबरमध्ये मी एकदा गेले होते. मोठी इमारत, दुसरा मजला. पेटी पाठीला लावून मी दारापर्यंत पोचले आणि आतून ते वाजवायला लागले. फार चांगलं वाजवत होते, मामा. मला एकदम वाटलं, इथे माझ्या ओळखीचं कुणीच नाही, माझी एक चूक झाली की सगळे वळून बघतील. मी तशीच खाली उतरले. तेव्हापासून ट्रॉम्बोनची पेटी पलंगाखाली आहे. तुला सांगायला तोंड नव्हतं, कारण तू इतक्या हौसेने विचारत होतास.

आणि आता ऐक, हे तुला ठाऊक नाही. नऊ वर्षं मी मोजत होते हे खरं. पण दर वेळी शेवटी माझी खात्री पटायची नाही. एकशे दहा झाली की एकशे नऊ? ट्रॉम्बोन उचलायचे तो भीतभीतच. आणि मग मागून तुझ्या झांजांचे चामडी पट्टे करकरायचे. मला वाटायचं, झालं, मामाचंही तेवढंच आलं! मामा कधी चुकत नाही! आणि मग मी बिनधास्त फुंकायचे. माझा सगळा धीर त्या करकरीत होता. म्हणून त्या दारातून मी परत फिरले. माझ्यामागे तिथे मामा नव्हता.

आणि तू तर माझ्याकडे बघून उचलत होतास! म्हणजे नऊ वर्षं आपल्या दोघांत मोजणारी मी एकटी होते, आणि एकदाही चुकले नाही. हे मला परवा दुपारी साडेतीन वाजता कळलं. दोन दिवस झाले, मी आरशासमोरून जाताना जरा ताठ चालते.

तर आता दोन गोष्टी. एक, मी बुधवारी जाते. दोन, तू मोजायला शीक. मी एप्रिलला येणार नाही, घाबरू नकोस. मी मोजते ते असं: प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे त्या आवर्तनाचा आकडा. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. एकशे अडुसष्ट एका दमात कुणालाच धरता येत नाहीत. त्याचे गठ्ठे कर. कसले गठ्ठे तुला जमतील ते तूच ठरव. आणि सूर ऐकू येणारच, ते ऐकू नकोस असं मी सांगणार नाही. पंचवीस आवर्तनांनी काय वाजतं, पन्नासला काय, ते पेन्सिलने लिहून ठेव. मग सूरच तुला सांगतील तू कुठे आहेस.

आईला खरं सांगून टाक. ती ओरडेल, पण काउंटरवर बसणार नाही.

तुझी,
भोंगाबाई

*

२० फेब्रुवारी

प्रिय भोंगाबाई,

सोळा पाकिटं आणि आठ सुट्या.

एका पाकिटात दहा गोळ्या. दहा आवर्तनं झाली की एक पाकीट उजवीकडून डावीकडे. एकशे अडुसष्ट म्हणजे सोळा पाकिटं आणि आठ सुट्या गोळ्या. एकशे अडुसष्ट एका दमात माझ्याच्याने धरवत नाहीत, पण सोळा पाकिटं तर मी झोपेतही देतो. जानेवारीपासून काउंटरवर रिकामी पाकिटं मांडून रेकॉर्ड लावतोय. पहिल्या आठवड्यात सहाव्या पाकिटाशी हरवायचो, तिथे चेलो येतात ना, ते मला घेऊन जातात. तुझ्यासारखं लिहून ठेवलं: सहावं पाकीट, चेलो, सांभाळ. नववं पाकीट, बासरी, मान खाली. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा पत्ते खेळतोय.

ताईला सांगितलं. तिने हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुझं डोकं बरोबर आहे, तू फक्त लबाड आहेस." मग हसून हसून तिला ठसका लागला आणि मला खोकल्याचं औषध काढावं लागलं. आता रोज संध्याकाळी येते आणि माझ्यासमोर बसून तीही मोजते. तिचे दर वेळी एकशे सत्तर होतात. आम्ही भांडतो.

बाईंनाही सांगितलं. ते मात्र जड गेलं. तालमीनंतर सगळे गेल्यावर त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं?" आणि खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "इथले निम्मे लोक शेजाऱ्याकडे बघून वाजवतात. पण निदान शेजारी तरी मोजतो ना, हे ते बघून घेतात." मी विचारलं, एप्रिलला मला हाताने खूण कराल का? त्या म्हणाल्या, "नाही. मी खूण केली तर तुम्ही मला बघाल, मोजणार नाही. आणि तिथे माझे दोन्ही हात व्हायोलिनवाल्यांना लागतात." म्हणजे अट तीच आहे. बरोबर आली तर स्टूल माझं.

फेब्रुवारीच्या कार्यक्रमात मी प्रेक्षकांत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा आपला ऑर्केस्ट्रा समोरून ऐकला. आपण बरे वाजवतो गं! मला कल्पनाच नव्हती.

बुधवारचं काय झालं? दीड महिना झाला, एक ओळ नाही.

मामा

*

१५ मार्च

मामा,

अडीच महिने लिहिलं नाही, कारण चार बुधवार मी त्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. ते तुला लिहायचं नव्हतं. पाचव्या बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "चला, मी दारापर्यंत येते." आल्या, दार उघडलं, मला आत ढकललं आणि निघून गेल्या. तो माझ्यावर झालेला सर्वांत कमी शब्दांचा उपकार.

तिसऱ्या ट्रॉम्बोनची खुर्ची रिकामीच होती. मला बसवलं. माझ्यामागे कुणी नाही, मामा, सरळ भिंत. वाजवायच्या आधी नव्वद आवर्तनं. ऐंशीनंतर नेहमीची धडधड सुरू झाली आणि मी सवयीने कान मागे लावला. मागून काहीच आलं नाही. येणार कुठून? मग मी स्वतःला म्हटलं, नऊ वर्षं तूच मोजत होतीस. अठ्ठ्याऐंशीला उचलला. आणि गंमत बघ, माझ्या शेजारचे दोघे तोपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले होते. माझा उचललेला बघितला आणि त्यांनीही उचलला. बरोबर आलो तिघंही.

परवा त्यांनी मला कायम ठेवलं. यांचा मोठा कार्यक्रम नेमका तुमच्या दिवशीच आहे, त्याच संध्याकाळी. तुमच्यानंतर काही तासांनी आमचा सुरू होईल. तेव्हा तू तिथे मोज, मी इथे मोजते.

तुझी,
भोंगाबाई

ता. क.: आईला सांग, एकशे सत्तर नाहीत. रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधी तू खुर्चीत बसतोस, तेवढ्यातच ती दोन आवर्तनं मोजून टाकत असणार.

*

२० एप्रिल

प्रिय भोंगाबाई,

हे पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत लिहितोय. हात अजून झिणझिणतायत.

हॉल भरला होता. ताई पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून. शेवटचा भाग सुरू झाला. मी डोळे कागदावर ठेवले आणि पहिलं पाकीट डावीकडे सरकवलं, मनातल्या मनात. सहाव्याला चेलो आले. येऊ दिले. नवव्याला बासरी आली, आणि बासरीवालीची मान जराशी आखडलेली मला मागून दिसली. तिला बिचारीला भीती वाटतच असणार.

तेराव्या पाकिटाला दंतवैद्यांनी ट्रॉम्बोन उचलला.

तुला खोटं सांगत नाही, माझे हात आपोआप झांजांवर गेले. बावीस वर्षांची सवय ती. त्यांनी तो तोंडाशी नेला. खांदे वर गेले. माझ्या सगळ्या अंगाने मला सांगितलं, उचल, हीच जागा. आणि डोक्यात फक्त एक बारीक आवाज: तेरा पाकिटं, चार सुट्या. मला कळेना कुणाचं खरं मानावं. असा माणूस समोर आहे की जो शिकलेला आहे, स्वरलिपी वाचतो. आणि इकडे मी. मी हात झांजांवरच ठेवले, पण हललो नाही. पट्टा करकरू दिला नाही. तेरा पाकिटं, पाच सुट्या. सहा. दंतवैद्य तसेच थांबले. मग त्यांनी ट्रॉम्बोन हळूच मांडीवर घेतला.

चौदा. पंधरा. सोळाव्याला माझ्या पाठीला घाम होता. सुटी एक, सुटी दोन, सुटी तीन. पाचवीला मी उठलो आणि झांजा उचलल्या. पट्टे करकरले. पुढे दंतवैद्यांनी ट्रॉम्बोन उचलला. आठवी सरली, मी हात उघडले आणि वाजवली.

आली, भोंगाबाई! सगळा ऑर्केस्ट्रा त्या एका क्षणाला तिथे येऊन उभा राहिला आणि मीही त्यांच्यात होतो. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांचे दोन्ही हात व्हायोलिनवाल्यांकडे होते. पण त्या हसत होत्या. झांजा हवेत धरून मी उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर बाई आल्या आणि पुढच्या मोसमाचे कागद माझ्या स्टुलावर ठेवून गेल्या. दंतवैद्य मात्र हात धरून बराच वेळ बोलले. म्हणाले, "मी मध्येच उचलला होता. तुम्ही मागे हलला नाहीत, तेव्हा कळलं माझं चुकलंय. तुम्ही उठलात तसा मी उचलला." त्यांनी मला विचारलं, तुम्ही कसं मोजता? मी त्यांना पाकिटांचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते दुकानात शिकायला येणार आहेत. ताईने घरी जाताना कबूल केलं, की तिचेही काल एकशे अडुसष्टच झाले.

तुझा कार्यक्रम तेव्हा सुरूही झाला नव्हता. आता तो होऊन गेला असेल. कसा झाला ते लिही, पण मला काळजी नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. काल तू इथे नव्हतीस, आणि बरोबर वाजलं. हे तुला लिहिताना मला वाईट वाटेल असं महिनाभर वाटत होतं. लिहितोय, आणि नुसता आनंद होतोय. तू तिथे राहा, बाळा. खुशाल राहा.

तुझा,
मामा